बिनतारणी कर्ज आणि गुलाबी पेला

बँकेत मी सदतीस वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून अधिक कर्ज विभागात गेली. समोर बसलेल्या माणसाकडे पाहायचं, मग त्याच्या कागदांकडे पाहायचं आणि निर्णय मात्र कागदांवरून घ्यायचा, अशी ती नोकरी. सात-बाराचा उतारा, दोन जामीनदार, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, दागिन्यांचं मूल्यांकन. निवृत्त झालो, कादंबऱ्यांना वेळ मिळू लागला, पण सवय काही सुटली नाही. कुणाचंही चरित्र वाचायला घेतलं की माझं लक्ष आधी जातं ते त्या माणसानं भांडवल कुठून आणलं याकडे. कर्ज कुणी दिलं? तारण काय होतं? हप्ते फिटले का? घरातली मंडळी हसतात, पण मोठ्या माणसांच्या आयुष्यातली खरी धाकधूक या प्रश्नांपाशीच असते असं मला वाटतं.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याच्यापुढे मात्र माझे हे सगळे प्रश्न उलटे होऊन उभे राहतात. कर्ज घेऊन मोठी झालेली माणसं पुष्कळ पाहिली. हा माणूस कर्ज देऊन मोठा झाला. बरं, तो बँकवाला नव्हता की सावकार नव्हता. एका हॉटेलात पेले पुसणारा आणि गिऱ्हाइकाला हवं ते मद्य ओतून देणारा बारमन होता. नाव जुझेप्पे चिप्रियानी, कर्मभूमी इटलीतलं व्हेनिस शहर. जन्म १९०० सालचा, मृत्यू १९८० सालचा. त्याचं नावही न ऐकलेल्या जगभरच्या कितीतरी लोकांनी त्यानं शोधून काढलेलं एक पेय रविवारी सकाळी चवीनं प्यायलेलं असतं. त्या पेयाचं नाव बेलिनी.

परदेशात, आणि आता आपल्या मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतही, रविवारी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला न्याहारी आणि जेवण एकत्रच उरकण्याची पद्धत आहे. तिला ब्रंच म्हणतात. आमच्या लहानपणी रविवारी उशिरा उठून अकरा वाजता पोहे मागितले तर आई ओरडायची. तिकडे त्या उशिरालाच एक नाव मिळालं आणि त्याचा सोहळा झाला. अशा टेबलावर फसफसणाऱ्या वाइनमध्ये फळाचा रस मिसळून केलेलं एखादं हलकं पेय असतं. संत्र्याचा रस आणि शॅम्पेन मिसळली की मिमोसा. पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को नावाची इटालियन वाइन मिसळली की बेलिनी. पीच म्हणजे जुन्या मराठीतलं सप्ताळू.

मी स्वतः पिणाऱ्यांपैकी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ओळखीचे लोक सोमवारी सकाळी फोन करतील. निवृत्त झालो त्याच वर्षी, म्हणजे २०१९ च्या सप्टेंबरात, मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. ती आम्हा दोघांना चार दिवस व्हेनिसला घेऊन गेली. तिथे रस्त्यांच्या जागी पाणी आणि बसच्या जागी होड्या. सेंट मार्क चौकाजवळच्या धक्क्यावर उतरलो. समोरच कालवा, पलीकडे चर्चचे घुमट, असा देखावा. आणि धक्क्याच्या अगदी कोपऱ्यावर, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी, धुरकट काचांचं एक साधं दार. पाटी नीट वाचली नसती तर एखादं जुनं कचेरीचं दार समजून पुढे गेलो असतो. तोच चिप्रियानीचा हॅरीज बार.

आत गेलो तर खोली आमच्या शाखेच्या बँकिंग हॉलपेक्षाही लहान. मुलीनं एक बेलिनी मागवली. किंमत पाहून मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि तो कुणाला सांगितला नाही. एका बुटक्या, सरळ काठाच्या पेल्यात फिकट गुलाबी रंगाचं काहीतरी आलं. वर पातळसा फेस. आमच्या सौ.नं एक घोट घेतला, थोडा वेळ विचार केला आणि हे तर बरंच सोज्वळ प्रकरण दिसतंय असं मत दिलं. मीही जीभ ओली केली. आधी फळाचा गोडवा, मग किंचित आंबूस तुरटपणा, आणि शेवटी बुडबुड्यांची गुदगुली. त्यात कुठे आगही नाही की दिमाखही नाही. एवढ्याशा पेल्यासाठी लोक जगभरातून इथे का येतात, हे कोडं मनात घेऊन परतलो आणि मग या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

जुझेप्पेचा जन्म व्हेरोनाचा. घरची गरिबी. तो लहान असतानाच आईवडील पोटासाठी जर्मनीत गेले. वडील तिथे गवंडीकाम करायचे. पोराचं बालपण आणि शाळा तिकडेच झाली, त्यामुळे जर्मन भाषा आपोआप तोंडात बसली. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तसं कुटुंबाला इटलीत परत यावं लागलं. चौदा वर्षांचा मुलगा व्हेरोनातल्या एका केक-पेस्ट्रीच्या दुकानात कामाला लागला. पुढे सैन्याचं बोलावणं आलं, पण तोवर युद्धच संपत आलं होतं. मग सुरू झाली हॉटेलांतली वेटरगिरी: इटलीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये. फिरता फिरता तो व्हेनिसला आला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या युरोपा हॉटेलात बारमन झाला.

बारमनच्या कामाकडे आपण जरा नाक मुरडूनच पाहतो. पण विचार केला तर त्याचं काम आणि शाखाधिकाऱ्याचं काम यांत बरंच साम्य आहे. दोघांच्यामध्ये एक काउंटर असतो. पलीकडे बसलेला माणूस आपली अडचण कधी बोलून दाखवतो, कधी लपवतो. कोण खरा श्रीमंत, कोण उसनं अवसान आणून बसलाय, कुणाचा आवाज आज नेहमीपेक्षा वर गेलाय, हे दोघांनाही ओळखावं लागतं. फरक एवढाच, की चिप्रियानीच्या मागे कुठली मार्गदर्शक पुस्तिका नव्हती. होती ती स्वतःची नजर आणि गवंड्याच्या पोराला आलेला माणसांचा अनुभव.

या नजरेत एक दिवस हॅरी पिकरिंग नावाचा तरुण आला. अमेरिकेतल्या बोस्टनचा, सुखवस्तू घरातला. त्याचं पिणं जरा जास्त झालं होतं आणि हवापालट म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला आत्याबरोबर युरोपात पाठवलं होतं. पिणं सोडवायला माणसाला युरोपातल्या हॉटेलांत पाठवणं हा उपाय कुणी सुचवला असेल तो असो. आत्या, तिचा एक सोबती, तिचं छोटं पेकिनीज कुत्रं आणि हा भाचा असा तो गोतावळा युरोपा हॉटेलात उतरला होता. दिवसभर मुक्काम बारमध्ये. मग आत्या-भाच्याचं काहीतरी बिनसलं आणि बाई सोबत्याला घेऊन निघून गेल्या. मागे राहिले भाचा, कुत्रं आणि हॉटेलचं थकलेलं बिल.

चिप्रियानीच्या लक्षात आलं, की रोज येणारा हा पोरगा आताशा बारमध्ये येईनासा झालाय. हॉटेलातच आहे, पण खाली उतरत नाही. त्यानं सरळ जाऊन विचारलं, की काही अडचण आहे का. पिकरिंगनं खरं काय ते सांगितलं. घरून पैसे बंद झाले होते. देणं भागवून अमेरिकेला परत जायला हातात काही नव्हतं. चिप्रियानीनं त्याला १०,००० लिरा उसने दिले.

हा आकडा जरा बँकवाल्याच्या पद्धतीनं मांडून पाहू. त्या काळी एका डॉलरला साधारण १९ लिरा पडत, म्हणजे ही रक्कम झाली पाचशे डॉलरच्या थोडी वर. तेव्हाच्या विनिमय दरानं आपल्या चलनात सुमारे १,४४० रुपये. आज हसू येईल, पण ज्या काळात महिन्याला शंभर रुपये पगार म्हणजे मानाची नोकरी समजली जायची, त्या काळातले हे दीड हजार रुपये. आणि देणारा कोण, तर बक्षिशीवर घर चालवणारा बारमन. घेणारा कोण, तर पिण्यापायी घरातून दूर पाठवलेला, परदेशी, पत्ता सातासमुद्रापलीकडचा. तारण शून्य. जामीनदार नाही. वसुलीला कोर्ट कोणतं, तेही ठाऊक नाही. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो दोन मिनिटांत परत केला असता आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली असती.

इथे मला माझ्याकडे वळणं भाग आहे. १९९३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक दिवस पंचविशीचा एक मुलगा आला. तिथल्याच एका खानावळीत पोळ्या लाटायचा, भाज्या फोडणीला टाकायचा. त्याला एस.टी. स्टँडसमोर स्वतःची खानावळ काढायची होती. मागणी पंधरा हजारांची. जमीन नाही, घर भाड्याचं, जामीन राहणारं कुणी नाही. शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतही तो बसत नव्हता. पण त्यानं एका वहीत हिशेब मांडून आणला होता: रोज किती ताटं जातील, गहू किती लागेल, तेल किती, सरपण किती, हातात काय उरेल. अक्षर वाईट होतं, पण बेरीज एकही चुकली नव्हती. मी त्या शाखेत पाहिलेल्या कित्येक टंकलिखित प्रकल्प अहवालांपेक्षा ती वही खरी होती, हे मला त्याच वेळी कळलं होतं. तरीही मी अर्ज परत केला. नियमानं वागलो, चूक काहीच केली नाही. माझ्या कारकिर्दीतली बुडीत कर्जं मी विसरलो आहे. ती वही मात्र विसरलेलो नाही.

चिप्रियानीपुढे वही नव्हती, फक्त चेहरा होता. पिकरिंग गेला. आठवडे गेले, महिने गेले. पत्र नाही की मनीऑर्डर नाही. हॉटेलातल्या सहकाऱ्यांनी काय काय ऐकवलं असेल आणि घरात काय बोलणं झालं असेल, ते प्रत्येक संसारी माणसाला आपापल्या अनुभवावरून समजेल. उसने दिलेले पैसे येत नाहीत तेव्हा पैशापेक्षा आपल्या पारखीवरचा विश्वास उडाल्याचं दुःख मोठं असतं.

आणि मग १९३१ साली एके दिवशी पिकरिंग युरोपा हॉटेलच्या त्याच बारमध्ये येऊन उभा राहिला. त्यानं १०,००० लिरा परत केले. वर आणखी ४०,००० लिरा चिप्रियानीच्या पुढ्यात ठेवले आणि त्यातून स्वतःचा बार काढायला सांगितलं. नाव आपलंच द्यायचं, हॅरीचा बार, हेही त्यानंच सुचवलं. मुद्दलाच्या चौपट रक्कम वर! आमच्या कुठल्याही व्याजाच्या तक्त्यात हा हिशेब बसणार नाही. मराठीत पत हा फार चांगला शब्द आहे. बँकेतल्या कर्जव्यवहारालाही आपण पत म्हणतो आणि माणसाच्या अब्रूलाही. त्या दिवशी त्या काउंटरवर या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम वटले.

आता जागा हवी होती. ती शोधली चिप्रियानीच्या बायकोनं, जुलिएतानं. व्हाल्लारेस्सो नावाच्या गल्लीच्या टोकाला दोरखंड ठेवायचं एक जुनं गोदाम होतं. जेमतेम पाच मीटर रुंद आणि नऊ मीटर लांब. त्या काळी ती गल्ली पुढे बंद होती, जाता येता सहज कुणी त्या वाटेनं येण्याचा संभव नव्हता. कुठल्याही शहाण्या माणसानं ही जागा नाकारली असती. चिप्रियानीला ती नेमकी त्याच कारणासाठी आवडली. इथे जो येईल तो मुद्दाम ठरवून येईल, हा त्याचा विचार. खिडक्यांना त्यानं धुरकट काचा बसवल्या, म्हणजे बाहेरच्याला आत दिसू नये आणि आतल्याला उगाच बाहेरच्या देखाव्याची भूल पडू नये. संगीत नाही. टेबलं बुटकी, खुर्च्या लहान आणि सुटसुटीत, माणसानं अवघडून बसू नये अशा. १३ मे १९३१ रोजी बार उघडला.

दुसऱ्या वर्षी त्याला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं आर्रिगो, म्हणजे हॅरीचंच इटालियन रूप. आपल्याकडे मुलाच्या नावानं दुकान काढतात. इथे दुकानाच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं गेलं. मला मात्र त्यात दुकानापेक्षा त्या फेडलेल्या कर्जाची आठवण जास्त दिसते.

बार चालू लागला. राजघराण्यातले लोक आले, लेखक आले, नट आले. मग दुसरं महायुद्ध आलं. बारची जागा ताब्यात घेतली गेली आणि तिथे नौसैनिकांची जेवणावळ सुरू झाली. ज्या खोलीत चिप्रियानीनं टेबलावरच्या चादरीची सुरकुतीसुद्धा खपवून घेतली नसती, तिथे ही गत. युद्ध संपल्यावर ती जागा पुन्हा त्याच्या हाती आली आणि त्यानं पहिल्यापासून घडी बसवायला घेतली. तेव्हा तो पंचेचाळिशीत होता. त्या वयात आमच्याकडे लोक स्वेच्छानिवृत्तीचा विचार करू लागतात.

युद्धानंतरची वर्षं या बारच्या भरभराटीची. अर्नेस्ट हेमिंग्वे १९४८ च्या शरद ऋतूत व्हेनिसला आला आणि या माणसाच्या प्रेमातच पडला. व्हेनिसच्या खाडीत टोरचेल्लो नावाचं एक निवांत बेट आहे. तिथे चिप्रियानीनं १९३० च्या दशकातच थोड्या खोल्यांचं एक छोटं विश्रामगृह काढलं होतं. हेमिंग्वे तिथे मुक्कामाला राहिला, लिहीत बसला, आणि बारमधला एक कोपरा तर त्याचाच झाला. १९५० साली आलेल्या त्याच्या कादंबरीत, अक्रॉस द रिव्हर अँड इन्टू द ट्रीजमध्ये, हॅरीज बार जागोजागी येतो. ऑर्सन वेल्स आणि चार्ली चॅप्लिनही इथे येऊन गेले. पण चिप्रियानीच्या हुशारीची खरी खूण ही मोठी नावं नव्हेत. मोठ्या नावाशेजारच्या टेबलावर बसलेल्या साध्या गिऱ्हाइकालाही तितक्याच अगत्यानं वागवायचं, हा त्याचा दंडक होता. ज्याचं पाकीट रिकामं झालं होतं अशा माणसाच्या चौकशीतून या दुकानाचा पाया पडला, तिथे दुसरं काय होणार?

याच काळात, १९४८ च्या सुमाराला, बेलिनी जन्माला आली. पांढऱ्या पीचचं चिप्रियानीला मोठं वेड होतं. इटलीत ही फळं जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतात. साल पातळ, वास मंद आणि गोड, आतला गर पांढरट, पण सालीजवळ आणि बाठ्याजवळ लालसर झाक. या वासाचं पेय करता येईल का, या विचारात तो होता. फळं हातानं कुस्करून, चाळणीतून गाळून त्यानं गर काढला आणि त्यात प्रोसेक्को घातली. लालसर झाक सगळीकडे पसरून पेल्याला फिकट गुलाबी रंग आला. जोव्हानी बेलिनी हा पंधराव्या शतकातला व्हेनिसचा थोर चित्रकार. त्याच्या चित्रातल्या एका संताच्या वस्त्राचा गुलाबी रंग चिप्रियानीला त्या पेल्यात दिसला, असं सांगतात. १९४९ साली व्हेनिसमध्ये बेलिनीच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा हे नाव सगळ्या शहराच्या ओठांवर होतं. पेयाला तेच नाव चिकटलं ते कायमचं.

या पेयात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात काही लपवलेलं नाही. दोनच जिन्नस, दोन्ही घरचे. फ्रान्सची महागडी शॅम्पेन त्यानं वापरली नाही. प्रोसेक्को ही व्हेनिसच्या उत्तरेला कोनेल्यानो आणि वाल्डोब्ब्यादेने या गावांच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या द्राक्षांची वाइन. शॅम्पेनमध्ये बुडबुडे यावेत म्हणून ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. प्रोसेक्को बहुधा मोठ्या बंद टाकीत आंबवतात, त्यामुळे ती स्वस्त पडते आणि तिच्यात फळाचा ताजा वास राहतो. आपल्याकडेही नारायणगावात १९८० च्या दशकात द्राक्षांपासून फसफसणारी वाइन होऊन परदेशी जाऊ लागली आणि पुढे नाशिकनं तो धंदा फार वाढवला. तेव्हा हे बुडबुडे आपल्याला अगदीच परके नाहीत. बँकेनं द्राक्षबागांना दिलेल्या कर्जांच्या फायली मी स्वतः हाताळल्या आहेत, त्यातला थोडा हिस्सा कुणाच्या तरी पेल्यात फसफसला असेल.

ज्यांना करून पाहायची असेल त्यांच्यासाठी कृतीही सांगतो. पिकलेली पीच आणि वाइन, दोन्ही आधी चांगलं थंड करायचं. गर काढून लगेच वापरायचा, कारण हवा लागली की तो तपकिरी पडतो. पेल्यात आधी गर, मग त्याच्या दुप्पट ते तिप्पट वाइन. ओतायची ती मात्र अगदी हळू. गराच्या बारीक कणांवर बुडबुडे भराभर तयार होतात आणि घाई केली तर अर्धी वाइन फेस होऊन टेबलावर येते. हलक्या हातानं एकदा ढवळलं की झालं. फुगे जिरायच्या आत प्यायचं. साखर, बर्फ, चेरी, कागदी छत्री यांची काही गरज नाही. आणि ज्या घरात वाइन चालत नाही, तिथे वाइनच्या जागी थंड सोडा घालावा. सकाळच्या उन्हात गुलाबी पेला हातात धरण्याचं सुख त्यानं कमी होत नाही.

सुरुवातीला बेलिनी फक्त पीचच्या हंगामातच मिळायची. चार महिने आहे, आठ महिने नाही. गर गोठवून वर्षभर टिकवण्याची सोय नंतर झाली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. हापूसची वाट पाहण्यात जी गोडी आहे ती डबाबंद रसात नाही, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं.

चिप्रियानीच्या नावावर आणखी एक पदार्थ आहे. आमालिया नानी मोचेनिगो या त्याच्या गिऱ्हाईक असलेल्या सरदार घराण्यातल्या बाईंना डॉक्टरांनी शिजवलेलं मांस वर्ज्य सांगितलं होतं. त्यानं त्यांच्यासाठी कच्च्या मांसाचे कागदासारखे पातळ काप करून वर पांढऱ्या सॉसच्या रेघा ओढल्या. त्यालाही व्हेनिसच्याच एका चित्रकाराचं, कार्पाच्चोचं, नाव मिळालं आणि आज जगभरच्या हॉटेलांत तो शब्द रुळला आहे. आपल्यासारख्यांच्या पचनी हा पदार्थ पडणार नाही. पण त्यामागचं मन ओळखीचं आहे. पथ्यावर असलेला पाहुणा आला तर त्याच्यापुढे रिकामं ताट ठेवायचं नाही, काहीतरी वेगळं करून वाढायचं, हा आपल्या आज्यांचा धर्मच होता.

१९५८ साली चिप्रियानीनं ज्युदेक्का बेटावर मोठं हॉटेल उभारलं. भागीदार होत्या ब्रिटनच्या गिनेस घराण्यातल्या लॉर्ड आयव्हा यांच्या तीन मुली. हॉटेलला नाव त्याचंच दिलं. १९६० च्या दशकात त्यानं आपला हिस्सा विकला आणि पुन्हा आपल्या त्या लहान खोलीत रमला. हॉटेल गेलं, नाव मात्र तिथेच राहिलं. त्याच्या पश्चात या नावावरून लंडनच्या न्यायालयात खटला झाला. चिप्रियानी घराण्याच्या लोकांनी लंडनमध्ये याच नावानं उपाहारगृह काढलं होतं. २००८ साली निकाल हॉटेलच्या बाजूनं लागला आणि २०१० च्या अपिलातही तो कायम राहिला. आजोबांचं नाव नातवंडांनाच तिथे पाटीवर लावता येईना. ज्या माणसानं आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार एका ओळीचंही लिखाण न करता केला, त्याच्या नावासाठी अखेर जुने करार आणि नोंदणीचे कागद चाळावे लागले. बँकेत वय घालवलेल्या मला यात कागदाची बाजू कळते. कागद नसते तर जग चालणार नाही. पण कागदावर हॅरीज बार उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं.

१९८० साली जुझेप्पे चिप्रियानी गेला. बार त्याआधीच मुलाच्या, आर्रिगोच्या, हाती आला होता. २००१ साली इटलीच्या सांस्कृतिक खात्यानं त्या पाच बाय नऊच्या खोलीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. तिथे ना जुना राजवाडा आहे, ना भिंतीवर बेलिनीचं चित्र. जपण्यासारखं जे आहे ते एका गवंड्याच्या मुलाचं अगत्य.

परवा जूनमध्ये मंडईत हिमाचलची पीच आली होती. पिवळी होती, पांढरी नव्हे. सौ.नं गर काढला, मी सोडा ओतला, आणि घाई केल्यामुळे ओट्यावर फेस सांडून बोलणीही खाल्ली. पेला हातात घेऊन गॅलरीत बसलो आणि पिकरिंगपेक्षा त्या खानावळीच्या मुलाचीच आठवण जास्त आली. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. त्या गावातून माझी दीड वर्षात बदली झाली. अजूनही कुठे एस.टी. स्टँडसमोर भरलेली खानावळ दिसली की गल्ल्यावर कोण बसलंय ते मी पाहतो. आता तो साठीच्या जवळ आला असेल, ओळखूही यायचा नाही.

कर्ज मला देता आलं नसतं, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. नियम होते, मर्यादा होत्या, माझ्याही घरात दोन लहान मुलं होती. चिप्रियानीचं वाचल्यापासून मात्र एक वेगळीच गोष्ट टोचते. पिकरिंगला पैसे मिळाले ते नंतर. त्याआधी कुणीतरी त्याच्या खोलीपर्यंत जाऊन काय झालं असं विचारलं होतं. तेवढं करायला कुठल्याच परिपत्रकाची आडकाठी नव्हती. त्या दुपारी वही परत देताना मी त्या मुलाला चहासुद्धा विचारला नव्हता.